आप्पांचं नेट

"आपकी कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है," ती रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली आणि पुन्हा सनई सुरू झाली.

फोन स्पीकरवर टाकून मी तांदळाच्या डब्यावर ठेवला होता. समोर लॅपटॉपच्या पडद्यावर गोल फिरत होतं. पुण्याच्या ऑफिसातली माणसं त्या गोलामागे थिजली होती. एकीचं तोंड उघडं राहिलं होतं, एकाचा हात हवेत.

"किती वेळ ऐकायची ती सनई?" शरदिनी आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. "एव्हाना कुणाचं तरी लग्न लागलं असतं."

"आत्या, तक्रार नोंदवल्याशिवाय कुणी येत नाही."

"नोंदवून तरी कोण येतंय? आपल्याकडचं नेट म्हणजे देवळातला प्रसाद. हातावर पडला तर पडला."

आप्पा खिडकीशी पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं, काही म्हणायला ओठ जुळवले. ओठ जुळलेलेच राहिले. मग हातानंच 'जाऊ दे' असं दाखवून त्यांनी पेपर परत वर धरला.

माझे वडील, बिंदुमाधव टोकेकर, जन्मभर अडखळत बोलले. रामघाटावर आजोबांची पाठशाळा होती, तिथंच ते वाढले. बोलताना त्यांची जीभ ठरावीक अक्षरांपाशी जाऊन दार ठोठावत उभी राही, आणि दार लवकर उघडत नसे. वेदाची संथा म्हणताना मात्र हे व्हायचं नाही. स्वरात बांधलेलं काहीही ते उतारावरच्या पाण्यासारखं म्हणत. आजोबांच्या शिष्यांत त्यांच्याइतके स्वच्छ उच्चार कुणाचे नव्हते, असं आत्याही कबूल करते. पण पौरोहित्याला नुसतं म्हणून भागत नाही. यजमानाला 'उजव्या हातात पाणी घ्या' असं सांगावं लागतं, घाटावरच्या गलबल्यात, मोठ्यानं. आप्पांना ते जमेना. मग ते वीज खात्यात रेकॉर्ड विभागात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. फाइली उलट विचारत नाहीत, असं आई म्हणायची.

बनारसमध्ये माणूस गप्पांवर जगतो. पानाच्या ठेल्यावर, नावेत, भाजीची जुडी निवडताना, मुडद्याला खांदा देऊन परत येतानाही. अशा गावात आप्पा मान डोलवून जगले. गल्लीतली माणसं वाईट नव्हती. ती फक्त आप्पांची वाक्यं पुरी करून द्यायची. आप्पा दूध आणायला जात, "द… द…" पर्यंत पोचत, आणि दुकानदार मोठ्या मनानं म्हणे, "दही, चाचा? अभी लीजिए." आप्पा दही घेऊन येत. आमच्या घरी कढी फार व्हायची.

सगळ्यांत चपळाईनं त्यांची वाक्यं पुरी करायची ती आत्या. आई गेल्यावर ती इंदूरहून भावाकडे राहायला आली आणि तेव्हापासून आमच्या घरात आप्पांच्या वाटचंही तीच बोलत होती.

माझं नाव कस्तुरी. नाव आईनं ठेवलं. 'क' हे आप्पांचं सर्वांत अवघड अक्षर आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नसावं. त्यांनी मला कधीच नावानं हाक मारली नाही. चाळिशी उलटली तरी मी त्यांची 'बाळ' होते.

त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आप्पांचं हृदय थकलंय म्हणून सांगितलं, आणि मी काम घेऊन बनारसला, दूधविनायक गल्लीतल्या घरी राहायला आले. माझं काम पुस्तकं संपादित करण्याचं. ते कुठूनही करता येतं, फक्त नेट लागतं. आणि नेट तेवढं आमच्याकडे नव्हतं. म्हणजे होतं, पण लेखकाचं एक प्रकरण उतरवून घ्यायला लावलं की आत्याचा कुकर होऊन, वरण घोटून, पानं वाढून व्हायची.

बऱ्याच सनया ऐकून झाल्यावर शेवटी विश्वजीत आला. आमच्या भागातल्या लायनी तोच बघतो. त्यानं भिंतीवरच्या डबीत एक यंत्र लावलं, आकडा पाहिला आणि मला दाखवण्याची तसदीही घेतली नाही.

"दीदी, ई लाइन में जान ही नहीं है. ताँबे का तार है, हमसे भी पुराना."

"तो बदल दीजिए."

"बदलने को तो हम कब से बैठे हैं. फाइबर आपकी चौखट तक आ गया. पूरी गली ले ली. बस चाचा हाथ जोड़कर हमको लौटा देते हैं."

मी आप्पांकडे वळले. "आप्पा? तुम्ही नको म्हणालात?"

आप्पांनी पेपरची घडी घातली. "मा… मा…"

"माझ्याच्यानं बघवत नाही वायरींचं जंजाळ, असंच ना?" आत्या आतून म्हणाली.

"मा… माकडं," आप्पा म्हणाले. "तो… तोडतात."

विश्वजीतला तेवढं मराठी कळत होतं. "बंदर? चाचा, बंदर तो पुराना भी चबाता है. उसको क्या, ताँबा हो कि फाइबर, सब नाश्ता है."

तो हसला, मीही हसले. आप्पा हसले नाहीत. मी विश्वजीतला म्हटलं, उद्या सकाळी या आणि लाईन टाकून द्या. आप्पा उठून गच्चीवर गेले. जेवायला आले तेव्हा ताटातला भात नुसता चिवडत बसले.

"त्याला नीट विचारलंस का?" भांडी आवरताना आत्यानं मला विचारलं.

"विचारलं तुझ्यासमोरच. माकडं म्हणाले."

"मग माकडंच असतील," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

संध्याकाळी आप्पांचा वर्ग असे. वर्ग म्हणजे एकच विद्यार्थिनी, मैत्रेयी. ती जामनगरला शाळेत गणित शिकवते. तिच्या घरातलं मराठी पुसट होत चाललेलं. वडील एक सूक्त म्हणायचे, ते त्यांच्याबरोबर गेलं, आणि तिला ते परत हवं होतं. कुणाच्या तरी फोनवरून फिरत आलेलं आप्पांचं रेकॉर्डिंग तिनं ऐकलं आणि नंबर शोधून काढला. हे सगळं मला आप्पांनी पुण्याला एका चिठ्ठीवजा मेसेजात कळवलं होतं. वर्ग चालताना मात्र मी घरी कधी नव्हते, त्या वेळी घाटावर फिरायला जायचे.

त्या दिवशी होते. वर्ग सुरू झाला तसं माझं नेट बंदच पडलं, कारण सगळं तिकडे ओढलं गेलं. मी लॅपटॉप मिटला आणि शेजारच्या खोलीत नुसती बसून राहिले.

"काका, ऐकू येतंय का?" मैत्रेयीचा आवाज.

"ह… ह… हो."

"अडकतंय हो तुमचं. नेट आज परत रुसलंय वाटतं."

"न… न…"

मला सवयीनं वाटलं, आता ती म्हणेल, 'नेटच ना?' ती म्हणाली, "थांबा काका, घाई नको. लाईन येऊ दे. मी आहे."

आणि ती थांबली.

आप्पांच्या जिभेनं दार ठोठावलं, वाट पाहिली, परत ठोठावलं. जामनगरच्या बाजूला एक पंखा फिरल्याचा आवाज तेवढा येत होता. "नेट," आप्पा म्हणाले, "म… म्हातारं झालंय. मा… माझ्यासारखं."

ती खळखळून हसली. "तुमच्यापेक्षा म्हातारं आहे काका ते! चला, कालचं म्हणून दाखवू?"

मग संथा सुरू झाली. संथेची रीत अशी की गुरूनं चरण एकदा म्हणायचा आणि शिष्यानं दोनदा, मगच पुढचा. आप्पांचा आवाज चढला, उतरला, कुठेही न अडता वळणावरून वळला. तिचा आवाज मागून दोनदा आला. एका स्वराला तिनं चूक केली, आप्पांनी पुन्हा म्हटलं. मी लहानपणी ऐकलेला हा आवाज. मधल्या वर्षांत तो घरात कुणासाठी काढावा असं कुणी राहिलं नव्हतं.

मला खरा धक्का संथा संपल्यावर बसला. आप्पा गप्पा मारायला लागले. रामघाटावर पूर आला होता तेव्हाची गोष्ट त्यांनी तिला सांगितली. गंगा गल्लीत शिरलेली, पाठशाळेच्या वरच्या खिडकीला नाव बांधलेली, आणि आजोबांनी नावेत बसून संथा दिलेली. त्याच नावेत कुणाची तरी शेळी चढवलेली.

"शि… शिष्य दोनदा म्हणायचे," आप्पा म्हणाले, "आणि त… त… ति…"

ती थांबली. पंखा फिरत राहिला.

"तिसऱ्यांदा शे… शेळी."

जामनगरला हसण्याचा स्फोट झाला. आप्पाही हसत होते. ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. माझ्या बापाला गोष्ट सांगता येते, तीही शेवटचं वाक्य राखून ठेवून सांगता येते, हे मला माहीत नव्हतं. गोष्ट पुरी होईपर्यंत आम्ही कुणी थांबलोच नव्हतो.

"काका," फोन ठेवण्याआधी मैत्रेयी म्हणाली, "एकदा नेट सुधारा ना. आपण व्हिडिओ लावू. एवढे दिवस शिकतेय, अजून तुमचा चेहरा पाहिला नाही."

आप्पा काही बोलले नाहीत. तिला वाटलं, लाईन गेली. तिनं दोनदा हॅलो म्हटलं आणि फोन ठेवला.

मी दारात उभी होते. त्यांनी मला पाहिलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला आणि पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत खांद्यावर वायरीचं वेटोळं अडकवून हजर झाला. मी त्याला दारातच गाठलं.

"विश्वजीत, रहने दीजिए."

"अरे! कल तो आप ही बोलीं."

"बोली थी. मगर बंदर तोड़ देंगे."

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्यामागे बसलेल्या आप्पांकडे. "दीदी, पढ़-लिखकर भी आप चाचा पर ही गईं," असं म्हणून त्यानं वेटोळं खांद्यावर नीट बसवलं आणि पुढच्या घराकडे गेला.

आप्पांनी पेपरचं पान उलटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यामागून आवाज आला. "क… क…"

शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तो गिळला आणि थांबले. किती अवघड असतं ते थांबणं. समोरचा माणूस धडपडताना दिसत असतो आणि आपल्या हातात त्याचा शब्द तयार असतो.

"काम क… कसं करशील?"

"संकठा घाटावर माझी शाळेतली मैत्रीण राहते. तिच्याकडे बसेन दिवसा. तिचं नेट चांगलं आहे."

त्यांनी मान डोलावली. पेपर खाली आला नाही.

मग मी रोज सकाळी लॅपटॉप पिशवीत टाकून संकठा घाटाकडे जाऊ लागले. आत्यानं एकदाच विचारलं, "घरात नेट असून बाहेर का जातेस गं? लोक म्हणतील भाऊबंदकी झाली." मी म्हटलं, स्लो आहे. "स्लोच आहे," ती म्हणाली आणि मला दुपारचा डबा बांधून दिला.

आप्पांशी बोलताना मी थांबायला शिकत होते. सुरुवातीला त्यांनाच ते विचित्र वाटे. अर्ध्यावर ते माझ्याकडे बघत, कधी एकदा मी वाक्य ओढून घेते याची वाट पाहत. हळूहळू त्यांचा विश्वास बसला. वीज खात्यातला एक साहेब टेबलाच्या खणात पोपट ठेवायचा. आईला त्यांनी लग्नाआधी जे पत्र लिहिलं ते तिनं शुद्धलेखन तपासून परत पाठवलं होतं. असलं काहीबाही ते मला सांगत. तरी मैत्रेयीशी बोलताना त्यांचा आवाज जसा मोकळा होई तसा माझ्याशी होत नसे. मी थांबते कशासाठी ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही ठाऊक होतं.

पावसाळा सरता सरता सूक्त पुरं व्हायला आलं.

"काका, मी ठरवलंय," मैत्रेयी म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत काशीला येतेय. तिकीट काढलंय. तुमच्या समोर बसून सगळं म्हणून दाखवणार. त्या दळभद्री नेटची भानगडच नको!"

"ये," आप्पा म्हणाले. त्या शब्दाला ते अडले नाहीत.

फोन ठेवल्यावर मात्र तिथंच बसून राहिले. मी चहा नेऊन दिला. तो निवला.

"ति… तिला कळेल," ते म्हणाले.

"कळलं तर कळलं, आप्पा. तिला काय वाटणार आहे त्याचं?"

"तिला क… क… काही नाही वाटणार. भ… भली आहे." त्यांनी कप बशीत फिरवला. मी थांबले. खाली गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "पण बाळ, तिच्यापाशी मी नी… नीट बोलतो."

मी त्यांच्या जवळ बसले.

कोजागिरी झाली आणि इथल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक लागला. घाटांवर बांबूंना आकाशदिवे चढले. एका पहाटे आप्पा उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले, त्रास झाला नसेल. मैत्रेयीला मी फोन करून कळवलं. ती म्हणाली, "ताई, मी तरी येऊ का? तिकीट आहे म्हणून नाही हो." मी म्हटलं, ये.

परदेशातल्या चुलतभावांना दिवसकार्य बघायचं होतं, म्हणून विश्वजीतला मीच बोलावलं. त्यानं या वेळी चेष्टा केली नाही. लाईन ओढली, भिंतीवर नवी डबी बसवली, जुनी तार गुंडाळून नेली. जाताना आप्पांच्या फोटोला नमस्कार केला. लॅपटॉपवर फिरणारं गोल दिसेनासं झालं. सगळं लखलखीत दिसू लागलं आणि मला ते बघवेना.

मैत्रेयी आली. आवाजावरून मी तिला तरुण समजत होते. ती पन्नाशीची निघाली, जाड चष्म्याची, प्रवासानं चुरगळलेल्या सुती साडीतली. हातपाय धुऊन ती सरळ आप्पांच्या खोलीत गेली, फोटोकडे तोंड करून मांडी घालून बसली आणि सूक्त म्हटलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठंही न चुकता. तिच्या वळणांत आप्पांची वळणं होती. आत्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. बायकांनी संथा घेणं तिला पसंत नव्हतं, ते तिनं आप्पांना कैकदा ऐकवलं होतं. आता ती डोळे मिटून बसली होती.

मग चहा झाला. पोचल्याचं घरी कळवायला मैत्रेयीनं नेट मागितलं, मी जोडून दिलं. जामनगरहून तिच्या सासूचा चेहरा फोनवर स्वच्छ उमटला, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरसकट.

"अय्या, इथं तर मस्त चालतंय की!" फोन ठेवून ती म्हणाली. "काकांचं कसं तुटायचं हो! एकेका शब्दाला. आणि गंमत सांगू? संथा सुरू झाली की लाईन एकदम साफ. मी घरी सांगायचे, ही काहीतरी वेगळीच कृपा आहे." तिनं आत्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत खरंच कुतूहल होतं. "असं कसं व्हायचं हो आत्या?"

आत्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी शेजारच्या खोलीतून मी काय ऐकलं, विश्वजीतला का परत पाठवलं, आप्पा त्या दिवशी काय म्हणाले, काहीच नाही. आणि आत्याच्या तोंडाला कधी दार नव्हतं. तिनं हातातली किटली खाली ठेवली. तोंड उघडलं.

"आत्या," मी म्हटलं, "साखर संपलीय का गं?"

तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"अगं, आमचं नेटच मेलं तसलं होतं," ती मैत्रेयीला म्हणाली. "जुनी तांब्याची तार. ही बिचारी रोज तक्रार करायची, तासन् तास सनई ऐकत बसायची. कुणी यायचं नाही. आत्ता कुठं बदललंय, तो गेल्यावर."

"आणि संथेच्या वेळी?"

"संथा सुरू व्हायची तेव्हाच घाटावर आरती लागायची ना. तेवढा वेळ गल्लीतले सगळे तिकडे. नेट वापरायला घरात कुणी नसायचं. म्हणून साफ." आत्यानं ते क्षणभरही न अडखळता सांगितलं. "विचार हवं तर हिला."

"हो," मी म्हटलं. "आरतीच्या वेळी जरा बरं चालायचं."

मैत्रेयीनं मान हलवली. गणिताच्या बाईंना उत्तर जुळल्यासारखं वाटलं असावं. ती फोटोकडे बघत राहिली. "एवढं अडकायचं, पण काका कधी चिडले नाहीत हो त्याच्यावर. मी असते तर फेकून दिलं असतं."

"नाही," आत्या म्हणाली. "कधीच नाही चिडला."

मग तिनं मैत्रेयीचा कप आपल्याकडे ओढला, डब्यातली साखर त्यात घातली आणि ढवळत राहिली. साखर तिनं आधीच घातली होती.